इंगवलेबाईंचा पाट

"दिगू, गाल वर!" इंगवलेबाई ओरडल्या, आणि दिगू नाईक त्या वर्षापुरता बाद झाला.

नियमच तसा होता. पाटाभोवती उकिडवं बसा, गुडघे टेका, कोपर टेका, पण ज्याचा गाल जमिनीला लागला तो बाद. दिगू उठला आणि गालावरची रांगोळी पुसत म्हणाला, "बाई, माका शिंक इली." सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या, पण नाव खोडायचं ते त्यांनी खोडलंच.

कुडाळच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या हायस्कुलात मी नववीत होते, आणि नववीचं वर्ष म्हणजे पाटाचं वर्ष. अणूचा धडा जवळ आला की प्रयोगशाळेच्या कपाटातून तो पाट बाहेर यायचा. फणसाच्या लाकडाचा, दोन माणसं शेजारी शेजारी बसून जेवतील एवढा रुंद. पाय बुटके, गोटी आरपार जाईल एवढेच उंच. पाटाच्या खालच्या अंगाला मधोमध एक लाकडाचा तुकडा ठोकलेला होता. त्याचा आकार कसा, हे ओळखायचं. वाकून बघायचं नाही, हात घालायचा नाही, पाट उचलायचा तर नाहीच. भोवती रांगोळीचा पातळ थर पसरायचा, चारी बाजूंनी गोट्या टाकायच्या, आणि आत गेलेली गोटी कुठून आणि कशी बाहेर येते ते रांगोळीत उठलेल्या रेघेवरून बघायचं.

बाई मूळच्या कोल्हापूरच्या. त्यांचं म्हणणं असं, की अणू कुणाला दिसत नाही. त्याच्यावर काहीतरी फेकायचं आणि काय परत येतं ते बघायचं, एवढंच आपल्या हातात. ते पुस्तकात वाचून कळत नाही, गुडघे दुखले की कळतं. मुली गोट्या खेळतात म्हणून गावात एकदोघांनी नाकं मुरडली होती. बाईंनी त्यांनाही एकदा पाटाजवळ आणून बसवलं, तेव्हापासून ती माणसं गप्प होती.

ज्याचं उत्तर बाईंना सगळ्यांत पटेल, त्याला त्या मे महिन्यात कोल्हापूरच्या एका कॉलेजातल्या विज्ञान शिबिराला घेऊन जायच्या. राहायला त्यांचं माहेर. इतरांसाठी ती एक सहल होती, माझ्यासाठी नव्हती. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, आणि मला शिवणाच्या क्लासला घालायचं आईने जवळजवळ ठरवून टाकलं होतं. बाबा मात्र एवढंच म्हणाले होते, "बाई म्हणतीत तर शिकांदे फुडे." म्हणजे माझं पुढचं सगळं बाईंच्या तोंडून निघणाऱ्या एका नावावर येऊन थांबलं होतं.

आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खात होतं. तो पाट माझ्या बाबांनी केलेला होता.

आत्माराम मेस्त्री म्हणजे माझे बाबा. बाई गावात नव्या होत्या तेव्हा त्यांनी कागदावर आकार काढून दिला आणि बाबांनी पाट करून दिला. तेवढ्यावर भागलं असतं. पण आदल्या पावसाळ्यात पाटाच्या एका पायाला वाळवी लागली आणि पाट दुरुस्तीला आमच्या पडवीत येऊन पडला. बाबांनी त्याच्यावर गोणपाट टाकलं आणि मला म्हणाले, "हात लावशीत तर बघ." ते त्याच्यावर काम करायला बसले की मला विहिरीवर पाठवायचे. त्या दिवसांत आमच्या घरात पाण्याची चैन होती.

मी पाहिलं नाही. पाहायचं मनात आलं नाही असं नाही, पण पाहिलं नाही.

गोट्यांच्या पहिल्याच दिवशी बाईंनी मला बाजूला घेतलं.

"शैला, तू खेळ. पण तुझं उत्तर मी धरणार नाही."

"बाई, मी बघितलं नाही."

"माझा विश्वास आहे तुझ्यावर. या बाकीच्यांचा बसेल का? पाट तुझ्या घरी होता बाळ."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्या बापाने लाकूड तासलं म्हणून मी चोर? घरी जाऊन मी आईवर ओरडले, शेळीवर ओरडले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी पाटाशी जाऊन बसले. धरणार नसाल तर नका धरू, म्हटलं. गोट्या काही तुमच्या एकट्यांच्या नाहीत.

पहिल्या आठवड्यातच वर्गाने आकार ओळखला. तीन बाजूंनी गोट्या तिरप्या वळून बाहेर येत होत्या. अनंत प्रभूने सगळ्या रेघा एका कागदावर नीट उतरवल्या आणि तिन्ही बाजू जोडून दाखवल्या. त्रिकोण. अनंत हुशार होता, पहिला नंबर त्याने कधी सोडला नव्हता. त्याचं बघून सगळ्यांनीच त्रिकोण काढला आणि मुलं पुन्हा मैदानावर पळायला लागली.

मला कसली घाई नव्हती. माझं उत्तर धरायचंच नव्हतं, मग लवकर तरी कशाला काढू? दुपारी मी एकटीच गोट्या टाकत बसायचे. दिगू बाद झालेला, त्यालाही काम नव्हतं. तो भिंतीला पाठ लावून शेंगदाणे खात बसायचा आणि मला नावं ठेवायचा.

एका दुपारी मी त्रिकोणाच्या टोकावर नेम धरला. टोकावर आपटलेली गोटी एक तर डावीकडे फुटणार, नाहीतर उजवीकडे. ती सरळ परत माझ्या हातात आली.

"हात घसरलो तुझो," दिगू म्हणाला.

मी पुन्हा टाकली. पुन्हा परत.

दिगूचं चघळणं थांबलं. "परत टाक बघया."

त्या टोकावरून, मग दुसऱ्या टोकावरून, मग तिसऱ्या. सगळ्याच येत नव्हत्या. नेम जरा चुकला की गोटी बाजूला निघून जायची. पण नेम बसला की परत यायची. टोक असतं तर असं होणार नव्हतं. टोकाच्या जागी काहीतरी आडवं होतं, गोटीला परत ढकलणारं, इवलंसं. टोक सरळ कापून टाकणं, सुतार ज्याला कोपरा मारणं म्हणतात, तसे तिन्ही कोपरे कुणीतरी मारलेले होते.

त्या संध्याकाळी मी पडवीत बाबांच्या शेजारी जाऊन बसले. कुणाच्या तरी लग्नाचे पाट चालले होते. रंधा मारून झाला होता, आता बाबा प्रत्येक कोपऱ्यावर पॉलिशपेपर फिरवत होते आणि मधूनमधून अंगठ्याने चाचपत होते. पाटाचा कोपरा बोचता कामा नये, पोरंबाळं धडपडतात, असं ते नेहमी म्हणायचे.

"बाबा, बाईंच्या पाटाखालचा तो त्रिकोणच मां?"

बाबांनी वर बघितलंच नाही. "गोटी काय सांगता?"

"टोकावर मारली काय परत येता."

"मगे माका कित्याक इचारतंस?"

"बाबा, एकदाच सांगा. मी कोणाक सांगाचंय नाय. माका नुसता बरोबर असा की नाय ता होया."

"बाईंका मी शब्द दिलेलो असा. कोणाक सांगूचा नाय."

"माझ्यापरास तुमचो शब्द मोठो?"

बाबा थांबले. मला वाटलं आता बोलणार. त्यांनी कोपऱ्यावर फुंकर मारून भुसा उडवला आणि म्हणाले, "जा, आवशीन पान वाढल्यान असात. जेवण थंड होता."

मी जेवले नाही. एवढा राग मला बाबांचा त्याआधी कधी आला नव्हता. दुसऱ्यांचे बाप मुलांसाठी वशिले लावतात, आणि माझ्या बापाला एक मान हलवणं जड झालं होतं.

उत्तरांचा दिवस आला. बाईंनी सगळ्यांचे कागद बघितले आणि अनंतचा कागद वर धरला. बाईंनी फळ्यावर खडूने मोठा त्रिकोण काढला, अनंतची पाठ थोपटली आणि त्या अणूकडे वळल्या. आधी म्हणे अणू आपल्या गोटीसारखा भरीव मानत. मग थॉमसन म्हणाला, कलिंगडासारखा असेल, सगळीकडे लाल गर आणि त्यात बिया पेरलेल्या. त्या बिया म्हणजे इलेक्ट्रॉन. मग रुदरफोर्डच्या प्रयोगशाळेत सोन्याच्या पातळ पत्र्यावर बारीक कणांचा मारा केला.

"काय व्हायला हवं होतं?" बाई म्हणाल्या. "कलिंगडातून सुई जावी तसे सगळे कण आरपार जायला हवे होते. आणि बहुतेक गेलेही. पण हजारोंतला एखादा कण सरळ परत आला. आता दुसऱ्या कुणी काय केलं असतं? म्हटलं असतं, हात घसरला, सोडून द्या. रुदरफोर्डने तो सोडला नाही. परत येतोय म्हणजे आत काहीतरी आहे, टणक आणि अगदी इवलंसं. तेच अणूचं केंद्र."

मागच्या बाकावरून दिगूने माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले. ठरवून नाही, पाय आपोआप उभे राहिले.

"बाई, तो त्रिकोण नाही."

"शैला, तुझं उत्तर धरायचं नाही असं ठरलंय ना आपलं?"

"धरू नका. ऐका नुसतं. त्याचे तिन्ही कोपरे मारलेले आहेत."

बाईंच्या कपाळाला बारीक आठी पडली. "पाटाखाली काय आहे ते मला ठाऊक आहे. कागदावर काढून मीच दिलं होतं तुझ्या वडिलांना."

वर्ग हसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड बंद होईना. "मग गोटी परत का येते, बाई?"

त्यांनी मला बस म्हटलं असतं तर मी बसले असते, आणि आज कुठेतरी बरे ब्लाउज शिवत असते. बाई काही क्षण खडू बोटांत फिरवत उभ्या राहिल्या. मग त्यांनी पदर कमरेला खोचला, पाटाशी आल्या आणि आमच्यासारख्याच फरशीवर गुडघे टेकून बसल्या.

"कुठून टाकायची, दाखव."

"बाई, गाल वर हां!" मागून दिगू म्हणाला.

बाईंनी गोटी टाकली. ती सरळ त्यांच्या हातात आली. दुसरी त्यांनी बोटभर सरकवून टाकली, ती जराशी डावीकडे झुकून, पण आली परतच. मग बाई दुसऱ्या टोकाकडे सरकल्या, मग तिसऱ्या. सगळा वर्ग त्यांच्या भोवती कोंडाळं करून उभा होता. त्यांच्या निळ्या साडीला गुडघ्यांवर रांगोळी लागली होती.

"इतकी वर्षं हा पाट मी मांडतेय," बाई बसल्या बसल्याच म्हणाल्या, "आणि स्वतः एकदाही गोटी टाकली नाही. मला ठाऊक होतं ना."

"बाई, उलटा करा पाट!" मुलं ओरडायला लागली. "बघूया काय ता!"

"नाही."

"मग खरं काय ते कळणार कसं?" अनंतने विचारलं.

"अणू उलटा करून बघितलाय कुणी?" बाई उठल्या, फळ्याकडे गेल्या आणि आपण काढलेल्या त्रिकोणाची तिन्ही टोकं तळव्याने पुसून तिथे छोट्या आडव्या रेघा काढल्या. "आधीचे लोक मूर्ख होते असं म्हणायचं नाही. जेवढ्या गोट्या त्यांनी टाकल्या, तेवढ्यापुरते ते बरोबर होते. आता पाटाखाली काय आहे ते मलाही ठाऊक नाही."

मला रडू की हसू कळेना. पण अनंत अजून उभाच होता. तो काही वाईट मुलगा नव्हता. त्याला शिबिराला जायचं होतं, आणि त्याचं म्हणणं चुकीचंही नव्हतं.

"बाई, पाट हिच्या बाबांनीच दुरुस्त केला. कोपरे त्यांनीच मारले असणार. मग हिला आधीपासून ठाऊक असणार ना?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी काय सांगणार? पाहिलं नाही आणि ऐकलं नाही, याचा पुरावा कुठून आणायचा? बरोबर उत्तर दिलं तेच आता माझ्या अंगाशी आलं होतं.

त्या संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या. आईने घाईघाईने खुर्ची पुसली, चहा टाकला. बाबा पडवीत पटाशीला धार लावत होते, ते उठून उभे राहिले. मी दाराआड उभी होते.

"मेस्त्री, एक विचारायचं होतं. गेल्या पावसात पाट दुरुस्त केलात, तेव्हा खालच्या तुकड्याचे कोपरे मारलेत का?"

बाबांनी पटाशी खाली ठेवली. बराच विचार केला. मग म्हणाले, "बाई, तुमीच सांगलास, कोणाक सांगूचा नाय."

"अहो, पण आता मीच विचारतेय."

"कोणाक म्हंजे कोणाक नाय."

"मलासुद्धा नाही? मेस्त्री, पाट माझा आहे."

"पाट तुमचो," बाबा अगदी शांतपणे म्हणाले. "शब्द माझो."

आईने आतून कपाळावर हात मारलेला मी ऐकला. बाई बाबांकडे बघत राहिल्या आणि मग त्यांना हसू फुटलं, एवढं की कपातला चहा बशीत सांडला. हसता हसता त्या मधेच थांबल्या. बशीतला चहा त्यांनी पुन्हा कपात ओतला, सावकाश प्यायला आणि उठल्या.

"माझं काम झालं," त्या म्हणाल्या. "येते मी."

त्या काय घेऊन गेल्या ते मला त्या रात्री कळलं नाही. सकाळी वर्गात आल्या आल्या त्यांनी हजेरी बाजूला ठेवली.

"काल मी आत्माराम मेस्त्रींवर एक गोटी टाकली," त्या म्हणाल्या. "सरळ परत आली. ज्या माणसाने मला सांगितलं नाही, त्याने मुलीला सांगितलं असेल असं ज्याला वाटतं, त्याने हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. अनंतचाही नाही. बाईंनी माझं उत्तर धरलं. मधल्या सुट्टीत त्याने मला आपल्याकडची एक चांगली मोठी काचगोटी दिली आणि मैदानाकडे पळाला. बाबांवर ज्या गोष्टीसाठी मी तीन दिवस तोंड फुगवून होते, तिच्याच जोरावर मी कोल्हापूरला गेले. एसटीत बसताना मला बाबांच्या पाया पडायचं होतं, पण ते सामान टपावर चढवण्यात गुंतले होते, आणि गाडी सुटली.

पुढचं थोडक्यात सांगते. मी शिकले, फिजिक्स घेतलं आणि आमच्याच तालुक्यात विज्ञान शिकवायला लागले. बाई निवृत्त होऊन कोल्हापूरला गेल्या तेव्हा पाट माझ्या शाळेत पाठवून दिला, वर गोणपाट शिवून. मी तो एकदाही उलटा केला नाही. बाबा होते तोवर दर वर्षी मी त्यांना विचारायचे, कोपरे मारले होतात ना? आणि दर वर्षी ते म्हणायचे, गोटी काय सांगता? शेवटच्या आजारपणातही तेच म्हणाले. आता ते नाहीत.

यंदाच्या वर्गातली मुलं चटपटीत आहेत. तीन कोपरे मारलेला त्रिकोण त्यांनी चार दिवसांत काढला. मी फळ्यावर तो काढला आणि खडू ठेवला, तर दुसऱ्या बाकावरची वैदेही राऊळ उभी राहिली.

"बाई, कोपरे मारलेले नाहीत. गोल केलेत."

"वैदेही, मला ठाऊक..." मी म्हणाले आणि माझी जीभ तिथंच थांबली.

"मधोमध टाकली तर गोटी सरळ परत येते, बाई. पण केसभर बाजूला टाकली की थोडी तिरकी येते. अजून बाजूला टाकली की अजून तिरकी. कोपरा सरळ कापलेला असता तर त्याही सरळच आल्या असत्या ना?"

बोटभर सरकवलेली ती बाईंची दुसरी गोटी मला आठवली, जराशी डावीकडे झुकून आलेली. आम्ही सगळ्यांनी ती पाहिली होती आणि कुणीच पाहिली नव्हती. आणि लगेच डोळ्यांपुढे आला तो पॉलिशपेपर आणि कोपऱ्यावरून फिरणारा बाबांचा अंगठा. पाटाचा कोपरा बोचता कामा नये. जो कोपरा कुणाच्या हाताला कधी लागणार नव्हता, तोही त्यांनी बोचू दिला नव्हता. आपलं उत्तर चुकलं म्हणून एवढं सुख मला आयुष्यात कधी झालं नाही. बाबा पुन्हा एकदा थोडेसे दिसले, असं वाटलं.

हल्ली माझे गुडघे दुखतात. तरी मी पदर खोचला आणि फरशीवर बसले.

"कुठून टाकायची, दाखव," मी वैदेहीला म्हटलं.

तिने बोट ठेवून जागा दाखवली. मी गोटी हातात घेऊन खाली वाकले, आणि मागून कुणीतरी हसत म्हणालं, "बाई, गाल वर हां!"